आक्काची केरसुणी

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, पायाला भिंगरी आहे. चहासुद्धा ती उभ्यानेच पिते, तोही अर्धा. उरलेला नंतर कुठल्यातरी कुंडीच्या काठावर गार झालेला सापडतो. नदीकाठी तिची नर्सरी. रोज सकाळी ती मऊ केरसुणी घेऊन रोपांच्या शेंड्यांवरून फिरवते. शेजारच्या पोरांना वाटायचं, ही बाई रोपांना मारते. पण सावलीत वाढलेलं रोप लेचंपेचं असतं. त्याला रोज थोडं हलवलं, पाणी जरा हात राखून दिलं, की खोड जाड होतं आणि बाहेरच्या वाऱ्यात टिकतं. तिच्याकडची रोपं गिऱ्हाईक डोळे झाकून नेतं.

नदीही आक्काला सोडत नाही. पूर आला की नर्सरी जाते, ओसरला की आक्का पदर खोचून गाळात उतरते. एकदा शेड गेली, एकदा पाण्याचा पंप, मागच्या खेपेला तर ज्यांच्या फांद्यांची कलमं करून सगळा धंदा चालायचा ती जुनी झाडंच गेली. दर वेळी माणसं येऊन म्हणतात, "आक्का म्हणजे लोखंड आहे, लोखंड!" हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एकदा लोखंड म्हटलं की फावडं हातात घ्यावं लागत नाही. कौतुक करायचं, जाताना एखादं रोप फुकट मागायचं आणि चालू लागायचं.

चढावरच्या माझ्या घरातली मागची खोली मी पहिल्या पुरापासून तिच्यासाठी रिकामी ठेवली आहे. "ये ना कायमची," म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "आणि रोपं काय तुझा नवरा बघणार?"

तिच्यापेक्षा लंगड्या शहाणा. हा नर्सरीतला कुत्रा. पहिल्या पुरात पत्र्याखाली सापडून त्याचा पाय गेला. तेव्हापासून नदी गढूळ झाली की तो कुणाची वाट न बघता तीन पायांवर चढ चढतो आणि माझ्या दारात येऊन बसतो. यंदा मी दुपारी पानं वाढत होते आणि तो धापा टाकत आला. वाढप तसंच टाकून मी अनवाणी खाली धावले.

आक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून रोपांचे ट्रे बाकांवर चढवत होती. थोड्या वेळात बाकंही बुडणार, हे तिला दिसत नव्हतं असं नाही.

"आक्का, चल!"

"एवढी रांग होऊ दे."

"अगं, मरशील!"

"ओरडू नकोस. हा ट्रे धर."

मी धरला. ट्रे ठेवून वळते तर बाक कलंडलेलं, आक्का खाली पडलेली आणि तिचा पाय त्याखाली. पाणी तिच्या छातीला लागलं. मी ओढत होते, शिव्या घालत होते, आणि ती एकदासुद्धा ओरडली नाही. याचाच मला जास्त राग आला. पाय कसा सुटला ते मला अजून सांगता येत नाही.

दोन दिवसांनी खतवाला माझ्या घरी तिला बघायला आला. पायाला प्लास्टर, उशाशी लंगड्या.

"पाय बरा झाला की सगळं पुन्हा उभं कराल तुम्ही," तो म्हणाला. "तुम्हाला काय, सवय आहे."

आक्का त्याच्याकडे वळली. "मी केरसुणी किती हलकी फिरवते, बघितलंय कधी? जोरात फिरवली तर रोप मोडतं हो. आणि त्याला बिचाऱ्याला उठून जाता येत नाही, म्हणून सोसतं ते."

खतवाल्याने घड्याळ बघितलं आणि काम आठवून निघून गेला.

"मागच्या खोलीत ऊन येतं का गं?" आक्काने विचारलं.

"सकाळचं येतं. खिडकीपुढचं कपाट हलवलं तर."

"मग हलव."

मी चहा दिला. तो तिने बसून, तळापर्यंत प्यायला आणि कप माझ्या हातात दिला. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, पण तिला अशी बसलेली बघवेना. मी कपाट हलवायला उठले.