हेबर्लेबाईंचा कान

रोझविता हेबर्ले संशयी आहे, हे आमच्या जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जिन्याच्या झाडलोटीची पाळी शेजारच्या क्नोडलरबाईंकडे गेली की ही बया त्यांच्या पायपुसण्याखाली चिमूटभर पीठ टाकून ठेवायची. शनिवारी हळूच पायपुसणं उचलून बघायची. पीठ तसंच असलं तर झालंच, क्नोडलरबाईंनी नुसता वरवर झाडू फिरवला! आणि पीठ नसलं, तर म्हणायची, कुणीतरी त्यांना आधीच सांगितलेलं दिसतंय. आता बोला! बेकरीवाला तर तिला दारात बघूनच म्हणायचा, "ताजा आहे हो ब्रेत्सेल, बाई, दाबू नका."

पण ती जिथे नोकरी करायची, तिथे या खोडीला मान होता. आमची कंपनी महागड्या गाड्या बनवणारी, आणि हिचं काम त्या गाड्यांतलं गाणं ऐकण्याचं. हसू नका. लाखभर युरोची गाडी घेणारा माणूस आधी दार लावून बघतो, मग गाणं लावून बघतो, आणि मग बायकोकडे बघतो. म्हणून आजकाल केकमध्ये मनुके टोचावेत तसे गाडीत जागा सापडेल तिथे स्पीकर टोचलेले असतात. दारात, छतात, डोक्यामागे, एका कंपनीने तर चक्क बुडाखाली. कुणाचं गाणं खरं आणि कुणाचा नुसता गोंगाट, हे ठरवायला आपली गाडी आणि बाजारातल्या तीन दुसऱ्या गाड्या एका बंद दालनात उभ्या करायच्या. गाड्यांवर बाहेरून काळं कापड, आसनांवर सारखीच करडी घोंगडी. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, हाताला धरून एकेका गाडीत बसवायचं, चारही ठिकाणी तेच गाणं लावायचं आणि दहापैकी गुण विचारायचे. कुठली गाडी कुठली, ते त्याला कळता कामा नये.

या दालनात हेबर्लेबाईंचा शब्द शेवटचा होता. तिने बरं म्हटलं की आवाज पास. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि दर वर्षी तिच्या गुणांत आमच्या कंपनीची गाडी पहिली यायची. मग एका वसंतात उत्तरेकडून ओनो हार्म्स नावाचा माणूस आला. समुद्राकाठचा, चहा पिणारा, गरजेपुरतंच बोलणारा. आला तोही दुसऱ्या गाडीवाल्यांची नोकरी सोडून! आणि पहिल्याच चाचणीत त्याने आमच्या गाडीला शेवटून पहिला नंबर दिला. पुढच्याही चाचणीत तेच. दालनाचे साहेब आल्गायर यांनी सांगून टाकलं की वरून हुकूम आलाय, दोन ऐकणाऱ्यांची दोन तोंडं नकोत. नव्या गाडीच्या आवाजावर शेवटचा शब्द कुणा एकाचाच राहील, तो कुणाचा हे नाताळाआधी ठरेल. म्हणजे रोझविताची खुर्ची पणाला लागली.

तिच्या मनात लगेच पाल चुकचुकली. हा माणूस ऐकत नाही, ओळखतो. ती डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर पाळत ठेवायला लागली. गाडीत बसताना हार्म्स दाराच्या कडेवरून बोटं फिरवायचा. एकदा त्याने नाकाने जोरात श्वास घेतलेला तिने पाहिला. चामड्याचा वास! प्रत्येक कंपनीचं चामडं वेगळं, शिवण वेगळी. आधी गाडी ओळखायची, मग जुन्या धन्याच्या मिठाला जागायचं!

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती घरी नवऱ्याला म्हणाली. गेबहार्ट मसूर आणि श्पेट्झलेच्या जाड शेवया खात होता.

"तुझ्या डोक्यात मुरतंय, अगं," तो म्हणाला. "त्या बिचाऱ्याला नसेल आवडत तुमची गाडी."

"न आवडायला काय झालं? आख्ख्या बाजारात तसा आवाज नाही!"

"मला तर सगळ्या सारख्याच वाटतात."

"तू गप बस. तुला रेडिओ चालू आहे की बंद, तेही कळत नाही. आणि त्याची बाजू घ्यायला भेटलास कुठे त्याला?"

गेबहार्टने हात जोडले आणि अजून थोडी मसूर वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती तडक आल्गायरसाहेबांच्या खोलीत गेली. म्हणाली, एक चाचणी अशी घ्या की ओळखायला काही म्हणता काही उरणार नाही. हातात जाड हातमोजे. नाकाखाली सर्दीचं मलम. गाडीत बसेपर्यंत कानांवर आवाज बंद करणारी टोपणं, म्हणजे दाराचा आवाजसुद्धा ऐकू यायला नको. ती टोपणं गाणं सुरू होतानाच काढायची. आणि सुरक्षापट्टाही लावायचा नाही, कारण पट्टा चाचपूनही माणूस गाडी ओळखतो.

पट्ट्याचं ऐकून साहेब थबकले. आमच्याकडे गाडी दालनात चाकं बांधून उभी असली तरी बसलेला माणूस पट्टा लावतोच. तशी सवयच आहे, त्याशिवाय बूड टेकल्यासारखं वाटत नाही.

"एवढा खटाटोप कशाला, हेबर्लेबाई?" साहेब म्हणाले. "चाललंय ते बरं चाललंय की."

"कुणाचं बरं चाललंय?" तिने विचारलं. साहेबही त्याला सामील आहेत की काय, अशी शंका तिला त्याच क्षणी आली.

साहेबांनी चहाचा पेला घेऊन दारातून चाललेल्या हार्म्सला हाक मारली आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चालेल की. पण मलम माझ्या चहापासून लांब ठेवा." हा इतक्या सहज तयार झाला, याचाही तिला संशय आला.

मंगळवारी सकाळी चाचणी झाली. मलम तिने स्वतः आणलं, हार्म्सच्या नाकाखाली भरपूर लागलंय ना तेही वाकून बघितलं. आधी तो बसून आला, मग ती. डोळ्यांवर पट्टी, नाकात कापराचा भपका, हातांत बागकामाचे मोजे. टोपणं निघाली की एक बाई गायला लागायची, साथीला एकच मोठं खर्जातलं तंतुवाद्य. तिने नेहमीप्रमाणे मन लावून ऐकलं. तिसऱ्या गाडीत ती सुखावून गेली. बाई समोर उभी राहून गातेय असंच वाटलं, नऊ गुण. चौथ्या गाडीत तिने तोंड वाकडं केलं. "कपाटात कोंडून गायला लावलंय कुणाला तरी," ती म्हणाली. "चार. चारही जास्तच."

बाहेर आल्यावर तिने हातमोजे काढून टेबलावर आपटले आणि ऐटीत उभी राहिली. आता पडेल चोर उघडा! साहेबांनी फळ्यावर आधी हार्म्सचे गुण लिहिले. दर वेळचेच, आमची गाडी शेवटची.

मग त्यांनी तिचे लिहिले. नऊ गुण मिळाले होते ते ज्या गाडीला ती इतकी वर्षं पत्र्याचा डबा म्हणत आली, तिला. आणि कपाटात कोंडलेली चौथी गाडी आमची होती. हार्म्सनेसुद्धा तिला पाच दिले होते.

"अदलाबदल झालीय," ती म्हणाली. "कुणीतरी गाड्या हलवल्यात! मला मूर्ख समजता काय?" ती तरातरा गेली आणि चौथ्या गाडीवरचं कापड तिने ओढून काढलं. गाडी आमचीच होती. मग तिने तारा तपासल्या, आवाजाचं बटण तपासलं, गाणं तेच आहे ना ते बघितलं. शेवटी आत बसली, दार ओढलं आणि म्हणाली, "लावा परत. माझ्यासमोर लावा."

बसली तशी सवयीने तिने पट्टा ओढून लावला. खट्.

तो खटकाही आमच्याकडे ठरवून घडवलेला असतो, दुसऱ्या कुठल्याच गाडीत तसा वाजत नाही, कसा वाजावा यावर माणसं महिनोन्महिने बसतात. तो वाजला आणि रोझविताच्या छातीत काहीतरी निवांत झालं. घरी आल्यासारखं. बाई गायला लागली, आणि आवाज गोड लागला. आताच कोंडलेला वाटलेला तोच आवाज! तिने पट्टा सोडला. गाणं तेच, पण गोडी ओसरली. पुन्हा लावला. पुन्हा सोडला. मग ती हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली.

हार्म्सने दार उघडलं आणि तो आत वाकला. "बाई, मी दारावर हात फिरवतो ना, तो घाबरून," तो म्हणाला. "डोळे बांधले की मला कोंडल्यासारखं होतं. तुम्हाला वाटलं असेल काहीतरी वेगळं."

"वाटलं," ती म्हणाली. "मी तुम्हाला चोर समजत होते, हार्म्स." आणि पट्ट्याकडे बोट करून, "माझं पट्ट्याचं आत्ता कळलं तुम्हाला?"

तो घुटमळला. "पहिल्या दिवशीच. खटका वाजला की तुम्ही हसता."

"मग बोलला का नाहीत?"

"मी नवा माणूस, बाई. मला वाटलं, इथे सगळ्यांना माहीतच आहे." असं म्हणून त्याने आल्गायरसाहेबांकडे बघितलं.

साहेब फळा पुसत होते. हेबर्लेबाईंचे गुण पुसून झाले होते, हात हार्म्सच्या गुणांवर होता.

रोझविता गाडीतून उतरली. आख्ख्या गावावर संशय घेतला होता तिने, बेकरीवाल्यापासून नवऱ्यापर्यंत. पण आपल्याला या खुर्चीवर का बसवलंय, याचा संशय तिला एकदाही आला नव्हता. "साहेब," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

आल्गायरसाहेब वाईट नव्हते. वळले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. "वरच्यांना दर वर्षी पहिला नंबर लागतो हो, बाई," ते म्हणाले. "आणि तुम्ही तो खोटं न बोलता देत होता. तुमच्यासारखं दुसरं कोण मिळणार होतं मला? आजचं सोडून द्या. हार्म्सना मी दुसऱ्या कामावर पाठवतो, खुर्ची तुमचीच. पुढच्या मंगळवारी पुन्हा घेऊ. नेहमीसारखी, पट्टे लावून."

तिला इतकी लाज वाटली की राग यायलाही वेळ लागला. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने मलमावर ढकललं नाही. तिने खडू उचलला आणि पुसलेल्या जागी आपले गुण पुन्हा लिहिले, आमच्या गाडीसमोर चार.

"हे वर पाठवा, माझ्या नावाने," ती म्हणाली. "आणि खुर्ची हार्म्सना द्या. मी या दालनात आज पहिल्यांदा ऐकलंय."