कापलेलं वाक्य

लाँड्रीतल्या मावशींना लोकांच्या कॉलरचा मळ बघून शिसारी येई, खिशात विसरलेले रुमाल बघून येई. पण त्या टी-शर्टाची येई तशी कशाचीच नाही. छातीवर ठळक अक्षरांत छापलेलं, ‘तोंड बंद कर’. खाली लेकाचं थोबाड. छपाई चिकटू नये म्हणून शर्ट उलटा करून इस्त्री करायची, तेवढाच काय तो दिलासा.

शब्द मावशींचेच होते. लेकाला घरी पोपट म्हणत, कारण तोंडाला टाळं म्हणून नव्हतं. तरुणपणी त्याने लाँड्रीच्या मागच्या खोलीत रॅपचा अल्बम केला. वॉशिंग मशीनची धडधड त्याने ढोलासारखी वापरली, इस्त्रीच्या वाफेचा फुसकारा तालाला घेतला. एकदा टेपरेकॉर्डर चालू ठेवून हा जेवायला बसला आणि तोंडात घास असतानाच यमकं जुळवायला लागला, तेव्हा मावशी खेकसल्या. ते खेकसणं त्याने प्रत्येक गाण्यात घातलं. अल्बम असा गाजला की अजून पोरं त्यावरच रॅप शिकतात. जाणते लोक लिहितात, याचा आवाज आधी आईनेच दाबला. एका गिऱ्हाइकिणीने तर तोंडावर विचारलं, “मारायच्याही का हो त्याला?”

मारायच्या म्हणे, डोंबल. मावशींचं वाक्य तिथे संपलंच नव्हतं. पण ऐकतो कोण?

आता अल्बम नव्याने निघणार होता. मावशींनी लेकाला बजावलं, “माझं वाक्य पुरतं घाल. मला दुसरं काही नको.” तो “बघू” म्हणाला. त्याचं ‘बघू’ म्हणजे काय ते ठाऊक असल्याने त्या स्वतःच स्टुडिओत जाऊन बसल्या; टेपवर नसलंच तर पुन्हा म्हणू. रेकॉर्डिंगवाल्याने जुनी टेप लावली. ताटाचा आवाज, पोपटाची बडबड आणि मग मावशी: “तोंड बंद कर. आधी घास गिळ राजा, ठसका लागेल. मग म्हण तुझं गाणं, मी बसते ऐकत.”

रेकॉर्डिंगवाला खाली बघू लागला. मावशींनी पदराने डोळे टिपले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, पुढचं टेपवर आलंच नसेल, बिचाऱ्याला आठवतही नसेल.

“मीच कापलं गं,” शेजारी बसलेला लेक म्हणाला. “आई चांगली निघाली तर माझं गाणं ऐकणार कोण? आताही अर्धंच राहू दे.”

मावशी उठल्या. पोटच्या पोराने आईची माया कात्रीने उडवली होती, आणि उरलेली आई बाजारात मांडली होती. “राहू दे,” त्या म्हणाल्या आणि निघून आल्या.

लेकाला वाटलं, आईचा राग तो, घटकाभराचा. अल्बम निघाला, धो धो खपला. मग तो फळांची टोपली घेऊन लाँड्रीत आला, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहिला आणि पाळी आल्यावर हसून म्हणाला, “आई.”

मावशींनी मान वर केली.

“कपडे टाकायचेत का तुम्हाला? नसतील तर जरा बाजूला व्हा. मागे लोक थांबलेत.”