पूजेतला तोफगोळा

शुक्रवार, ६ ऑक्टोबर २०००. सकाळचे साडेनऊ. कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या खोलीत खंडेनवमीची पूजा मांडून झाली होती आणि आमच्यातला सुतार हत्यारांना हळदकुंकू लावत होता. आम्ही सहाजण, सगळे कोकणातले, सगळ्यांची बिऱ्हाडे गावी. पाटावर रंधे, नटबोल्टचे पाने, हातोडे आणि मध्यभागी माझा तोफगोळा.

गोळा कुवेतचा नव्हता. मीना अल-अहमदीच्या कारखान्यात मी फोरमन होतो. माझा अमेरिकन साहेब दर सुट्टीत आपल्या गावाकडची शेते धातुशोधक यंत्राने धुंडाळी आणि तिथल्या जुन्या यादवी युद्धातले गोळे खणून काढी. त्यांतले काही त्याने इथे कपाटात मांडले होते. आपसांत लढलेल्या माणसांचे लोखंड कोणी जपून का ठेवावे, हे मला कळले नाही. मी विचारलेही नाही. समुद्राच्या हवेने त्यावर गंज चढे. तो काढून मी मेण चोळून देई. निवृत्त होऊन जाताना त्याने एक गोळा मला दिला, भरीव आहे असे सांगून.

वाळवंटात दिसलेले काहीही उचलू नका, असे आखाती युद्धानंतर आम्हांला सतत बजावले जाई. हा वाळवंटातला नव्हता, म्हणून दोन वर्षे माझ्या ट्रंकेत राहिला. त्या सकाळी सुताराने तो बाहेर काढला. नवमीला घरातले लोखंड पूजेविना राहू नये, असा त्याचा नियम. त्याने चिंचेच्या पाण्याने माझे सगळे मेण घासून टाकले. 

कुंकू लावताना त्याचा हात थांबला.

“काका, ह्येका पितळ खयसून इला?”

काळ्या लोखंडात रुपयाएवढी पितळी चकती लखलखत होती. चिंचेने तिला उजाळा दिला होता. ते बूच होते. भरीव गोळ्याला बूच कशाला, हे मला उमगेना. गोळ्याशेजारी निरांजन तेवत होते. ते मी उचलून जिन्यात नेऊन ठेवले.

“गोळो हलवूचो नाय,” सुतार म्हणाला. “पूजेत मांडलेला उद्या उत्तरपूजेशिवाय उचलत नाय.”

“गोळो फुटलो तर उद्या उचलूक कोण ऱ्हवतलो?” आमच्यातल्या वेल्डरने विचारले.

सगळ्यांना खाली पाठवून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून साहेबाला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटली होती.

“मी तुला भरीव गोळा दिला,” तो म्हणाला. “त्याला बूच नसते.”

“याला आहे.”

“मग तो भरीव नसेल.” तो पुढे म्हणाला, “पोकळ गोळ्यांतली दारू मी काढून घेतली होती. बहुतेक सगळ्यांतली.”

मी फोन ठेवला. परत आलो तेव्हा वेल्डरने सुचवले, अम्गराच्या भंगारवाल्याकडे देऊन टाकू. मी नकार दिला. तिथे कोणीतरी त्यावर गॅसची ज्योत धरली असती. पोलिसांकडे जावे, तर गोळा तुझ्याकडे आला कसा, हा प्रश्न येणार आणि त्याचे कागदोपत्री उत्तर माझ्यापाशी नव्हते. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द झाला असता, तर त्याच आठवड्यात मला विमानात बसवले असते. मुलगी इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरात दुसरे कमावते कोणी नव्हते. मी जिन्याने दोनदा खाली गेलो, दोनदा वर आलो. खालच्या मजल्यावरच्या दारात एक मूल सायकल फिरवत होते.

तिसऱ्यांदा उतरलो तो थेट चौकीवर गेलो.

दुपारी इमारत रिकामी केली गेली. बाँबनाशक पथकाचे जाड कपड्यांतले दोघे वर गेले. त्यांच्या प्रौढ अधिकाऱ्याला कामापुरते हिंदी येत होते. त्याने माझे ओळखपत्र ताब्यात घेतले.

“फूल क्यों? ये तुम्हारा भगवान है?”

“नहीं. औजारों की पूजा है.”

“और ये कौन सा औजार?”

मी साहेबाचे नाव सांगितले.  तो म्हणाला, “तुम खुद आया?” मी मान डोलावली. फोनवर अरबीत कोणाशी तरी बराच वेळ बोलून त्याने साहेबाचे नाव लिहून घेतले आणि संध्याकाळी ओळखपत्र माझ्या हातावर ठेवले. “खलास. आगे कुछ जमा नहीं करना.”

गोळ्यात दारू होती की नव्हती, हे मी विचारले. त्याने ऐकले नाही, किंवा ऐकून सोडून दिले. मला ते आजही ठाऊक नाही. त्याने मला का सोडले, तेही नाही.

गोळ्याबरोबर त्यांनी पाट नेला आणि तो घासलेल्या चिंचेच्या पाण्यासकट आमची बादलीही. हत्यारे जमिनीवर उतरवून ठेवलेली होती. सुताराने ती पुसून वर्तमानपत्रावर पुन्हा मांडली. गोळ्याची जागा मोकळी सोडली. निरांजन जिन्यातच विझले होते. त्याने ते पुन्हा लावले.

सहाजणांना सकाळी अंघोळीला बादलीविना चालणार नव्हते. दुकान बंद होण्यापूर्वी मी खाली जाऊन नवी आणली.