सज्ज्यावरचा दुसरा प्रश्न

लखनौच्या अलीगंजमध्ये राहणाऱ्या सुलभा राजवाडे यांच्याविषयी लिहिताना पडताळलेले आणि ऐकीव असे दोन भाग वेगळे ठेवायचे मी ठरवले होते. ते जमले नाही.

काकू मूळच्या साताऱ्याच्या. यजमान दीनानाथ रेल्वेत अभियंता. त्यांच्या बदलीबरोबर इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. शाळेत भूगोल शिकवला. स्कूटर अजून चालवतात. भाजीवाल्याशी हिंदीत भांडतात, पण हरू लागल्या की पुटपुटणे मराठीत येते. लखनौतल्या मराठी कुटुंबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याच्या कामासाठी मी त्यांच्याकडे जाऊ लागले, तेव्हा त्यांनी आधी मलाच तासभर प्रश्न विचारले.

पाहुणा आला की त्याला बड्या इमामबाड्यात न्यायचे, हा राजवाड्यांचा रिवाज. तिथले मुख्य दालन अफाट लांब, मध्ये एकही खांब नाही. वरच्या सज्ज्याच्या एका टोकाला कागद फाडला, तर तो दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. गाईड एवढे दाखवून थांबतात. दीनानाथकाका मात्र कागद फाडून झाला की पलीकडून सामान्यज्ञानाचा प्रश्न कुजबुजत: कुठला राजा, कुठले शहर, कुठले घराणे. मग पाहुण्याने त्यांना प्रश्न विचारायचा. तो सोपा निघाला की काका म्हणत, "हा नव्हे. मनात मागे ठेवलास, तो विचार."

काका जाऊन दोन वर्षे झाली. काकू अजून सज्ज्यावर जातात, आणि काका अजून प्रश्न विचारतात असे सांगतात.

हे कळल्यावर त्यांच्या मुलीचा, उल्काचा, पुण्याहून मला फोन आला.

"सावनी, तू डोक्यानं चालणारी आहेस, यार. एकदा आईबरोबर जा आणि सच सच सांग. तिला भास होत असतील तर मी तिला एकटी नाही ठेवू शकत. फ्लॅट विकून इकडे घेऊन येते."

"काकूंना यायचंय का?"

"ते तिला काय विचारायचं?"

मी चाचणी ठरवली. दोन प्रश्न निवडले. कुठे लिहिले नाहीत, कोणाला सांगितले नाहीत. पहिला, या इमारतीचा वास्तुरचनाकार कोण? दुसरा, अवधची गादी गेल्यावर लखनौ सोडून गेलेला नवाब कुठे वारला? दुसरा मी इमामबाड्याच्या जिन्यातच रद्द केला. काकूंना तो विचारणे बरे दिसले नसते.

दुपारची वेळ होती. काकू आणि गाईड अलीकडच्या टोकाला थांबले.

"काकू, मी पलीकडून विचारेन. उत्तर मी परत आल्यावर द्या."

"परीक्षा घेतेस माझी?"

"हो."

"घे. पर्यवेक्षक पलीकडे येऊन उभे आहेत."

गाईड हसला नाही.

पलीकडे कोणी नव्हते. कमानींच्या आडही मी पाहून घेतले. तिकीट मधोमध फाडले, तुकडे मुठीत धरले आणि पहिला प्रश्न कुजबुजले. त्यानंतर लगेच, माझ्या मुठीजवळच, कागद सावकाश फाटल्यासारखा आवाज झाला. मी हात हलवला नव्हता. पारव्यांच्या पंखांचा आवाज असाच येतो, अशी नोंद मी मनात केली, मूठ पिशवीच्या कप्प्यात रिकामी केली आणि परतले.

"पहिल्याचं उत्तर किफायतुल्ला," काकू म्हणाल्या. "सोपा विचारलास."

"पहिल्याचं?"

"दोनदा कागद फाटला ना. दुसऱ्याचं मटियाबुर्ज, कलकत्त्याजवळ." त्यांनी पदर खांद्यावर नीट केला. "जायचंय का, असं त्याला कोणी विचारलं नसेल."

मी गाईडकडे पाहिले. "हमने तो एक ही सवाल सुना, दीदी," तो म्हणाला आणि जिन्याकडे चालू लागला.

"काकू, दुसरा मी विचारला नाही."

"माहीत आहे. आवाज तुझा नव्हता."

संध्याकाळी मी उल्काला सगळे क्रमाने सांगितले. लखनौत तो प्रश्न दुर्मीळ नाही, काकूंनी अंदाज बांधला असणे शक्य आहे, हेही सांगितले.

"म्हणजे भासच," ती म्हणाली.

"भास असता तर उत्तर माझ्या प्रश्नाला जुळलं नसतं. योगायोग असू शकेल. तसंच लिहीन."

"पण तो प्रश्न तू मागे का ठेवलास?"

"तू त्यांना इथून नेणार आहेस म्हणून."

फोन कटला की काय म्हणून मी हाक मारली.

"आहे," उल्का म्हणाली. "अच्छा... मग तो प्रश्न आईला नव्हता. मला होता." आणि पुढे म्हणाली, "फ्लॅटचं राहू दे. पुढच्या महिन्यात मीच येते. तिला काय पाहिजे ते विचारते."

फोन ठेवून मी तिकिटाचे तुकडे कामाच्या पाकिटात ठेवायला काढले. मी तिकीट एकदाच फाडले होते. पिशवीच्या कप्प्यातून तीन तुकडे निघाले. जुळवून पाहिले; तिन्ही त्याच तिकिटाचे आहेत.