काठाचं झबलं

हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर तर नाहीच — आणि सुमन आता गेली. लिहायला बसलो तेही दाराला कडी घालून. भीतीने. आता कुणाची भीती, असं विचाराल. तिचीच.

आम्ही घाटकोपरच्या चाळीत राहायचो. मी मिलमध्ये, अर्धी चाळ मिलमध्ये. संप लागला. मी सगळ्यांना सांगितलं, देवनारला गोदामात हमाली करतो. सुमनलाही तेच — थांबा, ते नंतर.

तेव्हा मीनल नावाची पोरगी चाळीत यायला लागली. चित्रकलेच्या कॉलेजात शिकायची. तिला परीक्षेसाठी प्रदर्शन मांडायचं होतं, पण चित्रांचं नाही. संपाच्या दिवसांत घराघरात हाताने जे बनलं ते गणपती बसवायच्या खोलीत मांडायचं, आणि काय कुठे ठेवायचं ते बायकांनीच ठरवायचं. कुलूप नाही, पहारा नाही. "वस्तू तुमच्या, राखणही तुमची," म्हणायची. आम्ही पुरुष हसलो. बायका मात्र भांडायच्या — कुणाची टोपली कुणाशेजारी! सुमन तर तिला जेवल्याशिवाय सोडायची नाही.

सुमनने आमच्या बाळाचं झबलं दिलं. ते दारासमोरच टांगलं.

ते कापड मी आणलं होतं. फुटपाथवर घेतलं म्हणून सांगितलं. सुमनने शिवताना काठ तसाच ठेवला, तेवढी शिवण वाचली. आणि काठावर मिलचा शिक्का — अर्धाच, पण होता. इतरांना काय कळणार? पण शेजारचा बाबल्या मिलमध्ये माझ्याच छपाईच्या खात्यातला. त्याने झबलं दोन बोटांत चोळलं. "काय रे, शिक्का आपल्या मिलचा, पण हा छाप तर संपाआधी आपण कधी काढलाच नाय! मालकाने बारशाला धाडलं काय तुला?"

सगळे हसले. मीपण हसलो. पण ते झबलं तिथे राहून चालणार नव्हतं.

कारण मी मिलमध्येच जात होतो. संप फोडून, मागच्या दाराने; ते कापडही तिथलंच, संपात निघालेलं. कळलं असतं तर चाळीने हाडं मोडली असती. आणि सुमन? तिचा सख्खा भाऊ संपापायी तुरुंगात होता. तिने मला घरात घेतलं असतं?

दुपारी खोलीत कुणी नव्हतं. झबलं काढलं, सदऱ्याखाली खुपसलं, नाल्यावर गेलो. पाण्यात ते फुगलं, बुडेचना. काठीने दाबलं. स्वतःच्या पोराचं झबलं — काठीने.

शेवटच्या दिवशी मीनलचे सर आले. या कामातून काय शिकलीस, विचारलं. ती म्हणाली, "माणसांवर सोडलं की माणसं राखतात, असं वाटलं होतं. चुकले, सर. पुढच्या वेळी काच लावीन, कुलूप लावीन." सुमन सगळ्यांदेखत बोलली, "माझ्या हातचं जेवलीस गे, आणि एवढंसं झबलं सांभाळता येईना तुला?"

पोरीने मान खाली घातली. मी शेजारीच उभा. तोंड उघडायला वेळ होता ना? उघडलं की. म्हटलं, "जाऊ दे सुमन. शिकलेल्या पोरी ह्या, यांना कसली आपल्या चिंध्यांची किंमत!"

मीनल पुन्हा चाळीत आली नाही. सुमन मरेपर्यंत तिलाच दोष देत राहिली. आणि दर वेळी मी म्हणायचो — हो ना.