चार बोटं आखूड झगा

झेली मोर्वांचा राग तिच्याआधी जिना चढून यायचा, हे बेलव्हिलच्या त्या इमारतीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण त्या मंगळवारच्या रागाला कारण होतं.

तेवीस वर्षं ती पॅरिसमधल्या बड्या बायकांच्या नाचाच्या झग्यांवर आकडीच्या सुईनं मणी भरत होती. हे काम कापडाच्या उलट्या बाजूनं चालतं. मणी खाली लोंबतात, वर दिसते ती नुसती साखळीटाक्याची रांग. तीन आठवडे मान मोडून भरायचं, आणि सुलट बाजू बघायची दुसऱ्यांनी.

मंगळवारी कारखान्याच्या मुकादमीण बेर्तलँबाईंनी तिला गिऱ्हाइकांसाठीच्या पुढच्या दिवाणखान्यात बोलावलं. तिथे कारागिणींना एरवी मज्जाव. कूर्व्हेलबाईसाहेब मांडीवर झेलीनं भरलेला झगा आणि रुमालात मूठभर मणी घेऊन बसल्या होत्या. ऐन नाचात झग्याचे मणी ओघळले आणि त्यांचा जोडीदार त्यांवरून घसरून सपशेल आडवा झाला, अशी तक्रार होती. गाठी तू कच्च्या मारल्यास, माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, असं बेर्तलँबाईंनी बजावलं.

झेलीनं झगा उलटा केला. बोट फिरवत खालपर्यंत गेली आणि थांबली.

“मादाम, प्रत्येक रांगेची गाठ मी खालच्या काठाला मारते. काठ कुठाय?”

बाईसाहेबांना हसू आलं. यंदा गुडघे दिसायला हवेत, म्हणून मोलकरणीकडून चार बोटं कापून घेतला, त्यात काय एवढं, असं त्यांचं म्हणणं.

गाठच कापल्यावर साखळी उसवत वर जाणार, हे बेर्तलँबाईंना कळत नव्हतं थोडंच. त्यांचीही उमर आकडी धरण्यातच गेली होती. तरी त्या जमिनीकडे बघत पुटपुटल्या, “माग ना माफी, झेली. दोन शब्दांनी तुझं काय झिजतं?”

झेलीची कानशिलं तापली. नोकरी जाणार ते एक. पण तेवीस वर्षांत तिची एक गाठ सुटली नव्हती, आणि ते ठाऊक असलेली एकमेव बाई खाली बघत होती.

तिनं एक सुटा दोरा चिमटीत धरला आणि ओढला. कमरेपर्यंतची रांग सर्रकन उसवली. मणी फरशीवर टपटपले, बाईसाहेबांच्या खुर्चीखाली गेले.

“ही रांग माझ्या हातून सुटली,” झेली म्हणाली. “हिची माफी मागते. बाकीच्यांची कात्रीला मागायला सांगा.”

आकडी खिशात घालून ती गिऱ्हाइकांच्या दारानं बाहेर पडली. मागे बेर्तलँबाई गुडघ्यांवर बसून मणी वेचत होत्या.