भाड्यानं द्यायच्या घरात पंगत कुठं बसणार?

आमच्या ऑफिसात घरं कमी खपतात आणि किस्से जास्त साठतात. सांगलीचा माणूस एजंटाकडं येऊन नुसता भाव विचारून जात नाही. तो बसतो, चहा घेतो, मेव्हण्यानं जागा घेताना कशी माती खाल्ली ते सविस्तर सांगतो आणि मग हळूच म्हणतो, "एक इन्व्हेस्टमेंट करावी म्हणतोय." म्हणजे राहायला घर आहे, आता दुसरं घ्यायचं आणि भाड्यानं द्यायचं. बजेट ठरलेलं असतं. त्यात एक तर गावात लहान घर बसतं, नाही तर गावाबाहेर मोठं. एवढ्या एका प्रश्नावर आमचं दुकान चालतं.

ऑफिसात आम्ही तिघं. आण्णा मालक, घरचा हळदीचा व्यापार भावाकडं सोपवून या धंद्यात पडले. मेहबूबभाई सगळ्यात जुने एजंट. आणि मी, हिशेब लिहायला म्हणून आले आणि आता स्कूटीवरून लोकांना साइट दाखवत फिरते.

मेहबूबभाईंचा मंत्र आख्ख्या सांगलीला पाठ आहे. "खोली एक कमी चालंल, पण ठिकाण बघा. घरावर मजला चढवता येतोय, स्टँड जवळ आणता येत न्हाई."

* * *

आष्ट्याचे एक बापू आले होते. चांगली बागायत, हातात पैसा, सोबत जीपभर घरची माणसं. मी त्यांना कॉलेजजवळचा वन बीएचके दाखवला. ठिकाण एक नंबर, भाडेकरूंची रांग लागेल असं.

बापूंनी किचन बघितलं नाही, बाथरूम बघितलं नाही. हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "बसा रं सगळी."

सगळी माणसं समोरासमोर दोन ओळींत मांडी घालून बसली. मग बापूंनी बायकोला मधून चालायला लावलं, हातात वाढायचं भांडं आहे असं समजून. काकी बिचाऱ्या वाकून वाकून शेवटपर्यंत गेल्या आणि एका भाच्याच्या गुडघ्याला अडखळल्या.

"पंगत बसत न्हाई," बापूंनी निकाल दिला.

मी म्हटलं, "बापू, इथं तुम्ही कुठं राहणार आहात? इथं कॉलेजची पोरं राहतील, डबा खाणारी."

"मग? त्यांची लग्नं व्हायची न्हाईत व्हय?"

* * *

शिराळ्याचे एक रिटायर्ड हवालदार. त्यांना गावाबाहेरचा ऐसपैस बंगला दाखवला. चारी बाजूंनी मोकळं रान, वारा भरपूर. त्यांनी कंपाउंडला एक चक्कर मारली, गवतात काठी घालून बघितली आणि विचारलं, "हितं साप निघत्यात का?"

मला वाटलं, आता गिऱ्हाईक हातचं जातंय. मी ठासून सांगितलं, "एकसुद्धा नाही. शेजाऱ्यांना विचारा."

हवालदारांचा चेहरा पडला. "मंजे उंदरं लय असणार."

शेवटी त्यांनी गावातला तिसऱ्या मजल्यावरचा लहान फ्लॅट घेतला. तिथं साप नाहीत आणि उंदीरही नाहीत, याची खात्री त्यांनी स्वतः करून घेतली.

* * *

साताऱ्याचं एक शिक्षक जोडपं आण्णांच्या ओळखीचं. सरांचा हट्ट होता की महाबळेश्वरात एक खोली घ्यायची आणि टुरिस्टला द्यायची. बाईंना साताऱ्यातच दोन बेडरूमचं हवं होतं. आण्णा दोघांना घेऊन वर गेले, ते नेमके भर आषाढात.

तिथल्या माणसानं खिडकी उघडली. आत नुसतं धुकं आलं. "हितनं आख्खी दरी दिसती," तो म्हणाला.

"कुठं?" सरांनी विचारलं.

"ही काय समोर."

तिघं चहाचे कप घेऊन खिडकीत उभे राहिले. दुसरा चहा झाला. तरी समोर पांढरा पडदा. सर मात्र लाखांच्या गोष्टी बोलायला लागले होते. तेव्हा बाईंनी कप खाली ठेवला.

"अहो, दरीचे पैसे दरी दिसल्यावर देऊ."

* * *

आमच्याकडं ठिकाण म्हणजे स्टँड, शाळा, बाजार हे सगळं नंतर. आधी पूर. कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, हे विचारल्याशिवाय इथं कुणी घराचा उंबरा ओलांडत नाही. आणि विकणारा खरं सांगेल तर तो सांगलीचा कसला?

नदीकडच्या एका घरात मालकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "पाणी रस्त्यापर्यंत आलं, घोट्याएवढं. आत थेंब न्हाई." भिंतींना नवा रंग होता, त्यामुळं खूण काही दिसेना. आण्णा मान वर करून बघत राहिले. लाइटचा मीटर दाराच्याही वर, पार छताला टेकवलेला. पुरानंतर मीटर वर चढवलेली घरं आम्ही पुष्कळ बघितलीत.

"मग मीटर एवढा वर कशाला बसवला?" आण्णांनी विचारलं.

मालकांनी मीटरकडं बघितलं, आण्णांकडं बघितलं.

"वायरमन लय उंच होता."

* * *

आणि मग एक दिवस खुद्द मेहबूबभाईंवर वेळ आली.

त्यांचं स्वतःचं घर दोन खोल्यांचं, उंचावरच्या भागात. आयुष्यभर दुसऱ्यांना घरं दिली, स्वतः दुसरं कधी घेतलं नाही. आता त्यांचे गुडघे जिने चढू देत नव्हते आणि त्यांच्या बायकोला, जरीनावहिनींना, शिवणात सुईचं भोक दिसत नव्हतं. "आपल्या धंद्याला पेन्शन न्हाई, ताई," ते मला म्हणाले. "भाडं येईल त्यावरच म्हातारपण काढायचं." म्हणजे घर रिकामं राहून चालणार नव्हतं.

त्यांनी स्टँडजवळ दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट काढला होता. लहान, पण भाडेकरू एका दिवसात मिळाला असता. त्याच पैशात कुपवाडच्या पुढं एक रो हाऊस होतं, उंचावर, मोठ्या हॉलचं. तिकडं कुणी फिरकत नव्हतं.

वहिनी ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "रो हाऊस."

मेहबूबभाईंनी मंत्र सुरू केला. वहिनींनी तो पुरा ऐकून घेतला.

"स्टँडजवळ पाणी येतंय."

"आगं, दुसऱ्या मजल्यावर कसं येईल?"

"दारात तर येईल. मग माझ्या आईला कुठनं आत घेऊ? मागच्या पुरात आई, भाऊ, भावजय, शेजारची दोन घरं, सगळी आपल्या दोन खोल्यांत होती. शिवणाचं मशीन अंगणात काढून ताडपत्री टाकली मी. तवा तुमीच म्हणालात, एक खोली जास्त पायजे होती."

मी म्हटलं, "वहिनी, पण तिथं भाडेकरू असतील ना."

"असू देत की. त्यांना काय माणसं पुरात बघवतील?"

रो हाऊस घेतलं. करारनामा मी टाइप केला आणि शेवटची अट वहिनींनी शेजारी बसून सांगितली: पूर आल्यास पाणी उतरेपर्यंत मालकाची माणसं हॉलमध्ये राहतील. आण्णांनी कपाळावर हात मारला. पहिलं गिऱ्हाईक ती अट वाचून उठलं. दुसऱ्यानं वाचून विचार करून सांगतो म्हटलं आणि फोन उचलायचं बंद केलं. दिवाळी गेली तरी घर बंदच होतं. मेहबूबभाईंनी दुपारचा चहा सोडला. पित्त होतं म्हणाले. मला त्यांचं खरंच वाईट वाटायचं.

संक्रांतीच्या आसपास कारखान्यात काम करणारा एक मुलगा बायकोला घेऊन आला. घर दोघांना आवडलं. ऑफिसात वहिनींसमोर त्यानं सहीला पेन उघडलं आणि शेवटची अट वाचून थांबला. कागद बायकोकडं सरकवला. तिनं सावकाश वाचलं. मेहबूबभाई वहिनींकडं बघेनात.

"अट काढायची असंल तर..." त्यांनी सुरुवात केली.

"आवं काकी," ती पोरगी वहिनींना म्हणाली, "माझं म्हायेर नदीकाठालाच हाय. आमची माणसं आणली तर चालतील का?"

वहिनींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"किती हाईत?"